कानबाईच्या रात्री बंद पडलेला कॅमेरा आणि गोलाणी मार्केटमधले काका

आधी दुकानाचं सांगते. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये वरच्या मजल्यावर, मोबाईल कव्हरच्या दुकानांच्या रांगेच्या अगदी शेवटी एक छोटा गाळा आहे. पाटीवर दुकानाचं नाव नाही, नुसतं ‘कॅमेरा रिपेरिंग’ लिहिलंय. आत एक माणूस, एक टेबल, टेबलावर गोल भिंगाचा दिवा आणि मागे लहान लहान खणांचं कपाट. कॅमेरा हँग होतोय, चालू होऊन अडकतोय, बटणं दाबून काही होत नाही, कार्ड वाचत नाही अशा तक्रारी असतील तर नवीन कॅमेरा बघण्याआधी किंवा हजारो रुपयांचा बोर्ड बदलायला होकार देण्याआधी इथे एक चक्कर मारा. मी मारली, आणि माझ्या आजीची चार गाणी मला परत मिळाली. पाचव्याचं पुढे सांगते.

मी अमळनेरला राहते. बारसं, डोहाळजेवण, हळद असे बायकांचे कार्यक्रम शूट करते. हळदीच्या वेळी नवरीच्या अंगावर हळद लावताना, मांडवात गाणी म्हणताना बायकांना समोर बाई असली की मोकळं वाटतं, त्यामुळे मला कामं मिळत गेली. कॅमेरा 2018 सालचा, दोन लेन्स, दोन बॅटऱ्या. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण शेवटी दोष कंपनीचा निघालाच नाही.

यंदा श्रावणात माहेरी कानबाईला गेले. नागपंचमीनंतरचा रविवार. खानदेशातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, पण बाहेरचं कोणी वाचत असेल तर सांगते: त्या रात्री नारळाच्या रूपातली कानबाई देवी चौरंगावर बसते, तिला नथ, मंगळसूत्र, नवं वस्त्र. सव्वा मुठीच्या मापाने काढलेल्या गव्हाचे रोट होतात, ते घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचे. सोबत खीर, पुरण, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. रात्रभर जागरण, आणि सोमवारी सकाळी कानबाई डोक्यावर घेऊन नाचत, फुगड्या घालत बायका नदीवर जातात. आमच्याकडे बोरीवर.

माझी आजी ब्याऐंशी वर्षांची आहे. कानबाईची अहिराणी गाणी तिला जेवढी येतात तेवढी आता आमच्या भाऊबंदकीत कोणालाच येत नाहीत. माझ्या माय आणि काकूंना धृपद येतं, पुढची कडवी आजीने उचलल्याशिवाय हलत नाहीत. दोन वर्षांपासून ठरवत होते की एकदा सगळी गाणी नीट रेकॉर्ड करून ठेवायची. मोबाईलवर नाही, कॅमेऱ्यावर, ट्रायपॉड लावून, आजीच्या पदराला माईक अडकवून. यंदा ते केलं.

चार गाणी झाली. पाचवं चालू होतं, ते आजी वर्षातून याच रात्री म्हणते. मी ट्रायपॉडजवळ उभी होते. स्क्रीनवर आजीचा हात टाळीसाठी वर गेला आणि तिथेच थांबला. समोर आजी गातेय, टाळ्या वाजतायत, आणि स्क्रीनवर तिचा हात हवेत. वेळेचे आकडे थांबलेले. मागच्या बाजूचा, कार्डवर लिहिताना पेटतो तो लाल दिवा मात्र चालू, एकसारखा, न लुकलुकता. मी रेकॉर्डिंग थांबवायचं बटण दाबलं. काही नाही. मेनूचं दाबलं, काही नाही. मेन स्विच बंद केला, तरी कॅमेरा बंद होईना. हाताला अंग गरम लागत होतं. मी घाबरले आणि खालचं झाकण उघडून बॅटरी ओढून काढली. लाल दिवा पेटलेला असतानाच.

हे करू नका. अंधारात, गाणं हातातून निसटताना सुचत नाही, मला माहीत आहे, पण करू नका. का ते काकांकडे गेल्यावर कळलं.

बॅटरी परत घातली. कॅमेरा सुरू झाला, कंपनीचं चिन्ह दिसलं आणि तिथेच अडकला. पुन्हा काढली, पुन्हा घातली. तिसऱ्या वेळी स्क्रीनवर आलं की कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करायचं का. मी ‘नाही’ दाबलं. त्या रात्री माझ्याकडून एवढी एकच गोष्ट बरोबर झाली. उरलेलं गाणं मी मांडी घालून ऐकलं. आजीला काही सांगितलं नाही.

मधल्या दोन आठवड्यांबद्दल थोडक्यात लिहिते. एका मोठ्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरला कॅमेरा कुरियरने पाठवला. तपासणीचे सहाशे रुपये आधी घेतले. आठ दिवसांनी फोन आला: आत पाणी गेलंय, मेन बोर्ड बदलावा लागेल, एकोणीस हजार अधिक टॅक्स. पाणी कुठे दिसलं, फोटो पाठवा म्हटलं तर उत्तर मिळालं की श्रावणात वापरलाय ना मॅडम, मग ओल जातेच. कार्डाचं विचारलं तर ते आमचं काम नाही. मी कॅमेरा परत मागवला. एकोणीस हजार म्हणजे माझी तीन हळदीची कामं. पैशापेक्षा जास्त राग याचा आला की त्यांनी बघितलं काय, ते मला कोणी सांगितलंच नाही. वस्तू आपली, पैसे आपले, मग बिघाड समजून घ्यायचा हक्कही आपलाच असायला हवा.

जळगावचा पत्ता एका लग्नाच्या व्हिडिओवाल्या भाऊंनी दिला. सकाळच्या गाडीने निघाले. टाकरखेडा, धरणगाव, पाळधी गेलं की आलंच जळगाव, तासाभराचा रस्ता. दुकान साडेदहाला उघडतं असं सांगितलं होतं, उघडलं सव्वाअकराला.

काकांनी कॅमेरा हातात घेतला आणि सुरू केला नाही. आधी विचारलं, ‘हँग झाला तेव्हा काय काय लावलेलं होतं? कोणती लेन्स, कोणतं कार्ड, माईक होता का? लाल दिवा पेटलेला होता का?’ मी सगळं सांगितलं. बॅटरी काढली तेही सांगितलं. ते रागावले नाहीत. बोलण्यावरून मी कुठली ते त्यांनी ओळखलं असावं, कारण मग ते अहिराणीत आले: ‘घाबरू नका ताई, फोटो कार्डमा ऱ्हातस, कॅमेरामा नही.’ आणि कार्ड माझ्याकडून मागून घेऊन एका छोट्या डबीत घालून बाजूला ठेवलं. त्याच्यावर आता एक अक्षरही नवीन लिहिलं जाता कामा नये, म्हणाले. फॉरमॅट करायचं नाही, दुसऱ्या कॅमेऱ्यात घालून बघायचं नाही, कॉम्प्युटरने ‘दुरुस्त करू का’ विचारलं तर हो म्हणायचं नाही.

मग त्यांनी जे केलं ते पाहण्यासारखं होतं. माझी बॅटरी काढून स्वतःकडची लावली. लेन्स काढली. कार्ड नाही. नुसती बॉडी सुरू केली. झाली सुरू, आणि अडकली नाही. मेनू फिरवला, बटणं दाबून पाहिली, दहा मिनिटं तशीच चालू ठेवली. ठीक. मग माझी बॅटरी लावली. ठीक. मग त्यांचं कार्ड घातलं. ठीक. ‘बोर्ड गेलेला असता तर इथवर आलाच नसता’, म्हणाले. एकेक वस्तू काढायची आणि एकेक परत लावायची, कुठल्या वस्तूबरोबर दुखणं परत येतं ते बघायचं, एवढीच पद्धत. घरी आपणही हे करू शकतो, त्याला काही हत्यार लागत नाही. मला ते तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

पाण्याचं म्हणाल तर बॅटरीचा खण, कार्डाचा खण आणि माईकची जागा भिंगाखाली धरून त्यांनी मला दाखवली. पाणी गेलेलं असेल तर तांब्यावर हिरवट, नाहीतर पांढरी पूड धरते. माझ्या कॅमेऱ्यात ती कुठेच नव्हती.

शेवटी माझी लेन्स लावली. आणि बटण अर्धं दाबून फोकस करताना कॅमेरा पुन्हा अडकला.

काकांनी लेन्स उलटी केली. मागच्या कड्यावर सोनेरी ठिपक्यांची एक ओळ असते, त्यातून लेन्स आणि बॉडी एकमेकांशी बोलतात: फोकस किती, छिद्र किती उघडायचं, सगळं तिथून जातं. भिंगाखाली बघा म्हणाले. मधल्या दोन ठिपक्यांवर पातळ, चिकट थर होता. कानातला कापूस असतो तशी एक काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून त्यांनी ती ओळीवरून हलकेच एकदा फिरवली, आणि कापूस पिवळा झाला.

हळद. मे महिन्यात एका हळदीच्या मांडवात मी घाईत लेन्स बदलली होती, बोटांना हळद-तेल लागलेलं होतं. तेव्हाही दोनदा कॅमेरा अडकला होता आणि मी उन्हाला दोष दिला होता, कारण बाहेर पारा चव्वेचाळीसवर होता आणि माझ्या कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत चाळीस अंशांपर्यंतच वापरा असं छापलंय. ऊनही कारण असू शकतं, काका नाही म्हणाले नाहीत. पण त्यांच्या हातातली पिवळी काडी बघितल्यावर मला बाकी काही विचारायचं राहिलं नाही. तीन काड्या लागल्या, चौथी पांढरी निघाली. बॉडीच्या बाजूच्या बारीक पिनाही तशाच पुसल्या. काही लोक खोडरबराने घासतात, ते करू नका म्हणाले. वरचा सोन्याचा मुलामा निघून जातो आणि मग दुखणं कायमचं होतं.

लेन्स लावली. फोकस झाला, फोटो निघाला, कॅमेरा अडकला नाही. सलग वीस मिनिटं व्हिडिओ चालवून बघितला, तोही त्यांच्या कार्डावर. कॅमेऱ्याचं काम इथे संपलं होतं. खरं काम कार्डाचं होतं.

कार्डावर 128 जीबी छापलेलं आहे, नाव मोठ्या कंपनीचं. मी ते ऑनलाइन, अर्ध्याहून कमी किमतीत घेतलं होतं. काकांनी ते नखाखाली धरून मागचा छापा वाचला, कडेच्या छोट्या कुलपाच्या खिट्टीवरून बोट फिरवलं आणि गप्प राहिले. मग त्यांनी कार्ड थेट उघडलं नाही. आधी कॉम्प्युटरवर त्या कार्डाची जशीच्या तशी प्रत काढायला लावली, फायली नव्हे, अख्खं कार्ड, पहिल्या कणापासून शेवटच्यापर्यंत. ‘जे काय कापायचं-शिवायचं ते प्रतीवर, मूळ कार्डाला हात नाही.’ याला वेळ लागतो. मला दुपारची गाडी पकडायची होती, म्हणून कॅमेरा-कार्ड तिथेच ठेवून मी परत आले. गुरुवारी या म्हणाले.

इथे माझी तक्रार लिहून ठेवते. गुरुवारी मी पुन्हा गाडीभाडं घालून गेले तर काम झालेलं नव्हतं, आणि फोन करून कळवलंही नव्हतं. त्यांचा फोन दुपारी कोणी उचलत नाही. झालं शनिवारी. अमळनेर, चोपडा, पारोळ्याहून येणाऱ्या माणसाचा दिवस मोडतो, मजुरी बुडते. एक मेसेज टाकला असता तर माझी फेरी वाचली असती. हे मी त्यांना तोंडावरही बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्या फेरीचं म्हणून बिलातून शंभर रुपये कमी केले.

शनिवारी त्यांनी मला शेजारी स्टुलावर बसवून सगळं दाखवलं. प्रतीवरून त्यांनी फोटोरेक नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमने फायली शोधून काढल्या होत्या. तो प्रोग्रॅम कार्डावरची फायलींची यादी बघत नाही, कारण यादीच बिघडलेली असते. तो कार्डाच्या पोटात एकेक फाईलची खूण शोधत जातो. आधीच्या बारशाचे सातशेच्या आसपास फोटो सापडले. आजीची चार गाणी सापडली. मी पहिलं लावायला सांगितलं आणि दुकानात आजीचा आवाज आला, मागे काकूचं खोकणं, कोणाचं तरी पोर रडतंय. काकांनी आवाज कमी केला नाही. शेजारचा मोबाईलवाला मुलगा येऊन दारात उभा राहिला.

पाचवं गाणं सापडलं, पण लागेना. आणि याचंच उत्तर मला हवं होतं. व्हिडिओची फाईल लिहिली जात असताना आतला माल आधी भरला जातो, आणि कोणता तुकडा कुठे आहे याची नोंद अगदी शेवटी, आपण बटण दाबून रेकॉर्डिंग बंद केल्यावर लिहिली जाते. मी बॅटरी ओढली, ती नोंद लिहिलीच गेली नाही. काका म्हणाले, ‘गोणी भरली, पण तोंड शिवायच्या आधी हमालाने सोडून दिली.’ त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक चांगली फाईल नमुना म्हणून घेऊन ती नोंद नव्याने बांधता येते. त्यांनी चौथ्या गाण्याची फाईल नमुना म्हणून वापरली आणि पाचवं उघडलं.

साडेतीन मिनिटं चाललं. आजीचा हात टाळीसाठी वर जाण्याच्या बऱ्याच आधी संपलं. त्या गाण्याला मी त्या रात्री जवळजवळ अकरा मिनिटं रेकॉर्डिंग दिलं होतं.

उरलेलं कुठे गेलं? तेव्हा काकांनी, फायली माझ्या पेनड्राइव्हवर आणि हार्डडिस्कवर दोन्हीकडे उतरवून घेतल्यावरच, मूळ कार्डाची परीक्षा केली. त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम असतो, तो कार्ड पूर्ण भरतो आणि लिहिलेलं परत वाचून ताडून बघतो. त्यात कार्डावरचं सगळं पुसलं जातं, म्हणून तो सगळ्यात शेवटी. निकाल आला तेव्हा मी स्क्रीनचा फोटो काढून ठेवला. 128 छापलेल्या कार्डाच्या पोटात खरी जागा 30 जीबीच्याही आत होती. आतल्या चिपला खोटं सांगायला शिकवलेलं असतं. कॅमेऱ्याने विचारलं की जागा किती, ती म्हणते 128. कॅमेरा विश्वासाने लिहीत जातो. खरी जागा संपली की पुढचं सगळं हवेत. काही कार्डं जुन्यावर लिहितात, काही नुसतंच घेतल्यासारखं करतात, आणि काही वेळा कॅमेरा उत्तराची वाट बघत तिथेच अडकून राहतो.

वर्षभर ते कार्ड नीट चाललं, कारण दर कार्यक्रमानंतर मी फोटो उतरवून फॉरमॅट करत होते आणि वीस जीबीच्या पुढे कधी गेलेच नव्हते. या वेळी बारशाचे फोटो कार्डातच राहिले होते. माहेरी जायची घाई होती. आजीचं पाचवं गाणं नेमकं काठावर आलं.

त्या साडेसात मिनिटांसाठी कुठलाच प्रोग्रॅम नाही, ती कधी लिहिलीच गेली नव्हती, हे काकांनी स्वच्छ सांगितलं. आणखी पैसे घेऊन ‘प्रयत्न करतो’ म्हणाले नाहीत. मला या दुकानाबद्दल सगळ्यात मोठी खात्री त्या एका ‘नाही’मुळे वाटते. बॅटरी ओढण्याचं विचारलं तर म्हणाले, लाल दिवा पेटलेला असेल तर दहा मिनिटं हात लावायचा नाही, कधी कधी तो लिहून मोकळा होतो. तरीही अडकलेलाच राहिला तर मग काढायची, दुसरा इलाज नाही. माझ्या बाबतीत थांबून फार तर फाईलचं तोंड शिवलं गेलं असतं, मिनिटं वाढली नसती.

बिल असं झालं: कॅमेरा सफाई आणि तपासणी 450, कार्डाची प्रत आणि रिकव्हरी 1200, शंभर वजा. एकूण 1550. पावती मागितली तर वहीतल्या पानावर हाताने लिहून दिली, त्यावर काय काय केलं ते सगळं आहे, दुरुस्तीनंतर तीस दिवसांत तेच दुखणं आलं तर पुन्हा फुकट बघणार हेही आहे. ज्यांना जीएसटीचं बिल लागतं त्यांनी आधी बोलून घ्या. नवीन कार्ड ते स्वतः विकत नाहीत. बिलासह, दुकानातून घ्या, आणि घरी नेल्यावर वापरायच्या आधी एकदा पूर्ण भरून तपासा एवढंच म्हणाले. मी 64 जीबीची दोन घेतली आणि दोन्ही तपासली. लेन्सला बुरशी लागली असेल तर ते काम ते घेत नाहीत, पुण्याला पाठवतात.

घरी गेल्यावर आजीला टीव्हीला लावून गाणी दाखवली. चार गाणी तिने हात मांडीवर ठेवून ऐकली, मधूनच स्वतःच्या चुकीवर नाक मुरडलं. पाचवं साडेतीन मिनिटांनी तुटलं तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. ‘पुढलं कोठे गयं व माय?’ मी खरं ते सांगितलं. ती थोडा वेळ बोलली नाही. ते गाणं कानबाई बसलेली नसताना म्हणायचं नाही असं तिचं आहे, आणि मी आग्रह केला नाही. कडवी तेवढी तिने चाल न लावता, भाकरी थापता थापता मला सांगितली, मी वहीत उतरवून घेतली. एकूण चौदा आहेत. रेकॉर्डिंगमध्ये पाच आली आहेत.

पुढच्या श्रावणात दोन कॅमेरे लावणार आहे. दुसरा त्या व्हिडिओवाल्या भाऊंकडून भाड्याने घेईन.

दुकान मंगळवारी बंद असतं. सकाळी अकराच्या आत जाऊ नका, आणि जाताना कॅमेऱ्याबरोबर लेन्स, बॅटऱ्या, कार्ड, चार्जर, सगळं घेऊन जा.